वटवाघूळ आणि आमचें शहाणपण

कोथरुडासारख्या सुशिक्षितांच्या वस्तींत हल्लीं एक विचित्र शहाणपण ऐकूं येतें. जुन्या वडावर वटवाघळें लोंबकळतांना दिसलीं कीं, ‘निपा येईल, झाड तोडा’ असा सल्ला कोणीतरी देतोच. सल्ला देणारे बहुधा पदवीधर असतात. म्हणूनच त्याचा समाचार घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुण्यांतीलच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें मार्च २०२० मध्यें महाबळेश्वरच्या गुहेंतील वटवाघळांचे नमुने घेतले, व त्यांत निपाच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु वटवाघळाच्या अंगीं विषाणु असणें आणि माणसास रोग होणें यांत मोठें अंतर आहे. तें अंतर पुष्कळदां माणूसच आपल्या हलगर्जीपणानें नाहींसें करतो.

केरळांत कोझिकोडकडे २०१८ सालीं निपाची साथ आली. विषाणु वटवाघळांपासून आला असावा. पण पहिल्या रोग्यानंतर बहुतेकांस लागण झाली ती रुग्णालयांत, माणसापासून माणसाला. बांगलादेशांत वटवाघळें खजुरीच्या रसाच्या मडक्यांस तोंड लावतात आणि तो कच्चा रस पिणारीं माणसें दगावतात. तेथें बांबूच्या झांपेनें मडकें झांकलें कीं वटवाघूळ रसापर्यंत पोंचत नाहीं, असें दिसून आलें. उपाय झांपेचा, कुऱ्हाडीचा नव्हे!

‘पण मुलाबाळांच्या जिवाशीं खेळ कशाला? वटवाघळेंच नकोत!’ असें कोणी म्हणेल. त्यानें युगांडाकडे पाहावें. तेथील किटाका खाणींतील वटवाघळें मारबर्ग विषाणूच्या भयानें २००८ सालीं मारून टाकण्यांत आलीं. पुढें तेथें नवीं वटवाघळें येऊन राहिलीं, तेव्हां त्यांच्यांत विषाणूचें प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक भरलें; आणि २०१२ सालीं जवळच्या इबांडा भागांत साथही आली.

झाड तोडल्यानें वटवाघूळ नाहींसें होत नाहीं. तें दुसरीकडे जातें. उष्टें फळ टाकून द्यावें, मेलेल्या वटवाघळास उघड्या हातानें शिवूं नये, रुग्णालयांत हातमोजे व मुखपट्ट्या आहेत कीं नाहींत हें विचारावें, आणि १९५२ पासून आपल्याच गांवांत काम करणाऱ्या संशोधकांस साथ नसतांनाही पैसा मिळावा असा आग्रह धरावा. हीं कामें कंटाळवाणीं आहेत खरीं. पण ज्यांना तीं नकोत आणि कुऱ्हाड मात्र हवी, त्यांनीं निदान विज्ञानाचें नांव तरी घेऊं नये.