संसार दोघांचा, घर कोणाचे?

घटस्फोटाच्या खटल्यांत पोटगीवर वर्षानुवर्षे युक्तिवाद होतात. संसारात उभे राहिलेले घर कोणाचे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ विवाहप्रसंगी मिळालेल्या, उभयतांच्या सामाईक चीजवस्तूंपुरतेच आहे. स्त्रीधन सर्वस्वी पत्नीचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. पण पतीच्या नावावरील सदनिकेच्या मालकीत तिला आपोआप वाटा मिळत नाही. कर्जाचे हप्ते फिटावेत म्हणून तिने वीस वर्षे काटकसर केली असली तरीही! स्वयंपाकघरातल्या श्रमांना खरेदीखतात रकाना नसतो. पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे २०१०चे विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले आणि २०१४ साली लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले.

अशा तरतुदीने कुटुंबसंस्था खिळखिळी होईल, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तेथे पोर्तुगीज काळापासून, विवाहपूर्व वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला स्थावर विकता येत नाही. म्हणून काही गोमंतकीयांचे संसार मोडून पडलेले नाहीत. महाराष्ट्रात तसा कायदा होईल तेव्हा होवो. नवी सदनिका दोघांच्या नावे नोंदवायला आजही कोणाची आडकाठी नाही.