मिस्त्रीण का नाही?

परवा गेवराईकडे जाताना एका शेताला तार कंपाउंड चाललेलं पाहिलं. खड्डे बायकांनी खणलेले, माल त्यांनीच कालवलेला. तार ताणणारा तेवढा पुरुष. मजुरी विचारली, तर त्याची दुप्पट! "त्यो मिस्त्री हाय ना, ताई," एकजण म्हणाली.

मैत्रिणींनो, मिस्त्रीला असं काय येतं? कोपऱ्याचा खांब खोल गाडायचा, त्याला तिरपा टेकू द्यायचा, मगच तार ताणायची. टेकू चुकला की खांब झुकतो, तार सैल पडते. फाटकाला, लोखंडी अँगलला वेल्डिंग लागतं. हे सगळं शिकता येतं. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एकाच वर्षाचा. मुलींना ३० टक्के जागा राखीव. तरी मुलगी म्हटलं की आपण शिवणकामाचाच फॉर्म भरतो.

आपल्या बीड जिल्ह्यात रानडुकरं, हरणं उभं पीक खातात. कारखान्याला, शाळेला, प्लॉटलाही जाळी लागतेच. म्हणजे काम दारातच आहे.

"बाईला झेपेल का?" असं विचारणाऱ्यांनी दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या बाया आठवाव्यात. मेहनत त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांच्या लेकींना हवाय तो हातात दाखला आणि मिस्त्रीचा दर. फॉर्म भरताना एवढं लक्षात ठेवूया.