आधी उतार, मग चढ
अमेरिकेत मुलांकडे निघालेले वाचक हमखास विचारतात, ग्रँड कॅन्यनमध्ये अर्ध्या दिवसात कुठवर उतरावं? ब्राइट एंजेल वाटेवरचा दीड मैलाचा विसावा गाठा आणि तिथूनच मागे फिरा. सह्याद्रीत दमलेला माणूस गड उतरतो. इथे दमल्यावरच हजार-अकराशे फूट चढायचं असतं, तेही उतरण्याच्या दुप्पट वेळ धरून. शिवाय खाली जावं तसा उकाडा वाढतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत वर या. पाणी वरूनच न्या, विसाव्याचा नळ हिवाळ्यात बंद असतो. खारे शेंगदाणेही हवेतच. घामातून गेलेलं मीठ नुसत्या पाण्याने भरून निघत नाही. आणि एका दिवसात कोलोरॅडो नदी गाठून परतण्याचा हट्ट कुणी धरला, तर तो जावई असला तरी स्पष्ट नाही म्हणा.