पंचवीसचे बावन्न

पाच सप्टेंबर जवळ आला की आपल्या गप्पांत दोन प्रकारचे मास्तर हटकून येतात. पहिले छडीवाले. "सर असे फोडून काढायचे ना, म्हणून तर आज आम्ही उभे आहोत!" दुसरे भाषणवाले. "काय बोलायचे हो! वर्ग नुसता भारावून जायचा." दोघांच्याही आठवणींनी मंडळींचे डोळे पाणावतात. आणि मग कोणी आगाऊपणे विचारलं, "बरं, पण त्यांनी तुला नेमकं शिकवलं काय?" तर एकतर शांतता पसरते, नाहीतर 'संस्कार' हा आपला हुकमी शब्द पुढे येतो.

मला आज ह्या दोन्ही मास्तरांशी, म्हणजे खरं तर त्यांच्या भक्तांशी, भांडायचंय. नातेवाईकांपैकी काही जण रागावतील. रागवा, पण पूर्ण वाचून रागवा.

छडीचं आधी उरकून टाकू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. पण कायदा बाजूला ठेवा. 'मार खाल्ला म्हणून घडलो' ह्या वाक्यातली गोम अशी, की ते म्हणायला फक्त घडलेलेच हजर असतात. छडीच्या भीतीने ज्याने पाचवीतच शाळा सोडली, तो माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येत नाही. त्याला कोणी बोलावतही नाही. मग हिशोब कसा जुळणार?

भाषणवाल्यांचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण ते आपल्याला मनापासून आवडतात. मलाही आवडतात. पण भारावणं आणि शिकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारावलेला मुलगा घरी जातो, वही उघडतो आणि काल जिथे अडला होता तिथेच आज पुन्हा अडतो. फरक इतकाच, की आता त्याला वाटतं, एवढे चांगले सर असूनही मला येत नाही, म्हणजे मीच ढ!

तर माझं म्हणणं सरळ आहे. थोर शिक्षकाचा पहिला गुण म्हणजे मुलाच्या चुकीबद्दलचं कुतूहल. वक्तृत्व, शिस्त, त्याग, प्रेमळपणा, सगळं त्यानंतर.

उदाहरण घ्या. तिसरीतल्या एखाद्या मुलीच्या वहीत असं दिसतं: ६३ वजा २८ बरोबर ४५. खाली ८२ वजा ४५ बरोबर ४३. दोन्हींवर लाल फुली, शेवटी 'सराव करा' असा शेरा आणि सही. झालं काम. पण जरा थांबून बघा. ३ मधून ८ जात नाहीत म्हणून तिने ८ मधून ३ वजा केले. पुढच्या गणितात २ मधून ५ जात नाहीत, तर ५ मधून २. म्हणजे ती धांदरट नाही. ती एक नियम अगदी काटेकोरपणे पाळते आहे, आणि तो नियम तिला बहुधा आपणच दिलाय: "मोठ्यातून लहान वजा करायचं." आता तिने ह्याच नियमाने आणखी पन्नास गणितांचा सराव केला तर काय होईल? चूक पक्की होईल! तिला सराव नको आहे, प्रेरणा तर मुळीच नको आहे. "हे तू कसं केलंस, मला सांग बरं" असं विचारणारं आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसणारं माणूस हवं आहे.

आता आपल्या सगळ्यांच्या लाडक्या प्रकरणाकडे येऊ. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात एकवीसच्या जोडीने 'वीस एक', बावीसच्या जोडीने 'वीस दोन' असं संख्यावाचन दिलं होतं. केवढा गहजब झाला! विनोद, व्यंगचित्रं, आडनावांच्या कोट्या, सगळं विधानसभेपर्यंत पोचलं. मराठीचा खून झाला असंही म्हणून झालं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. (त्या २०२३ मध्ये गेल्या.)

त्यांचा मुद्दा काय होता? आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ५. त्यामुळे सात वर्षांचं मूल ऐकलं तसं लिहितं आणि पंचवीसचे होतात बावन्न. त्यात 'त्रेसष्ट', 'अठ्ठ्याहत्तर' अशी जोडाक्षरं. आणि एकोणतीस? ऐकू येतं तीस, लिहायचे २९! कानडीत पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे सरळ वीस-पाच. तमिळ, तेलुगूतही तोच क्रम, इंग्रजीतही वीसच्या पुढे तोच. तिथल्या मुलांना हा अडथळा पारच करावा लागत नाही. जुनी नावं पुस्तकातून हद्दपार केलेली नव्हतीच. दोन्ही दिली होती.

ह्या बदलाला विरोध असू शकतो. एकोणतीस-एकोणचाळीसमध्ये भाषेचं एक वैभव आहे, बाजारात आणि घरात तेच शब्द चालतात, मुलाला आज ना उद्या ते शिकावेच लागणार. हे सगळे मुद्दे रास्त आहेत आणि त्यावर वाद घालायला मजा आली असती. पण आपण वाद घातलाच नाही. आपण हसलो. मूल पंचवीसचे बावन्न लिहितं तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हा विचार एका विदुषीने केला आणि अख्ख्या महाराष्ट्राला तो विनोद वाटला. नंतर तीच मंडळी शिक्षकदिनाला 'हल्ली पूर्वीसारखे शिक्षक राहिले नाहीत' म्हणून उसासे टाकायला मोकळी! मुलाच्या अडचणीशी इतक्या बारकाईने झटापट करणारं माणूस समोर आलं तर आपण त्याचं काय करतो, ते २०१९ मध्ये दिसलं.

आणि हे फक्त गणिताचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केलं, त्याचं मूळही हेच आहे. गरिबांची, आदिवासींची मुलं बालवाडीत येत नाहीत. ह्यावर सोपं उत्तर तयार होतं: ह्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. ह्या दोघींनी ते मानलं नाही. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द पुढे देशभर गेला. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात भरवली. तिचं नाव कुरणशाळा. लोक ताराबाई-अनुताईंच्या त्यागाबद्दल गहिवरून बोलतात. त्याग होताच. पण त्याग करणारे पुष्कळ असतात. मूल का येत नाही, ह्याचं उत्तर मुलाच्या दिवसात शोधणारे थोडे. माझ्या लेखी मोठेपण तिथे आहे.

'तारे जमीन पर' (२००७) बघून आपण सगळे रडलो. पण आठवतं काय? विदूषकाच्या वेशातला आमिर खान आणि गाणी. त्यातलं खरं शिक्षकाचं काम अगदी साधं आहे: तो मुलाच्या घरी जाऊन त्याच्या जुन्या वह्या चाळतो आणि चुकांमध्ये एक सारखेपणा आहे हे आईबापांना दाखवतो. बाकी सगळं त्यानंतर घडतं.

आता माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणी म्हणतील, "बोलायला काय जातंय? वेळ कुठाय?" हे शंभर टक्के खरं आहे. वही वाचायला वेळ लागतो. कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे, ते काही उगाच नाही. त्याच कायद्याचं सत्ताविसावं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शाळाबाह्य कामं देऊ नका. मग कुठल्याही शिक्षकाला विचारा, गेल्या महिन्यात किती माहिती भरली, किती फोटो अपलोड केले, किती तक्ते पाठवले. ज्या वेळात वहीतल्या पंचेचाळिसाचं कोडं सुटलं असतं, तो वेळ असा जातो. शिक्षकाचा वेळ काढून घ्यायचा आणि वर्षातून एकदा शाल-श्रीफळ द्यायचं, हा व्यवहार मला अजिबात पटत नाही.

पालकही सुटत नाहीत ह्यातून. पालकसभेत आपण काय विचारतो? "किती मार्क? कितवा नंबर? मस्ती करतो का?" ह्यावेळी एवढंच विचारून बघा: "तो नेमका कुठे अडतोय, आणि तुम्हाला काय वाटतं, का अडतोय?" शिक्षकाने वहीचं पान उघडून बोट ठेवून दाखवलं, तर त्या शाळेतून मुलाला काढू नका. इमारत जुनी असो, गॅदरिंग साधं असो, सर भाषणात अडखळत असोत, काढू नका.

आणि हो, पुढच्या पाच सप्टेंबरला छडीची आठवण सांगणार असाल, तर शाळा सोडून गेलेल्या त्या वर्गमित्राचं नावही सांगा. आठवत असेल तर.