रंगाचा बेरंग

"आधी तुझा मॉनिटर कॅलिब्रेट कर!" कॉम्पोझिटिंग करणाऱ्या पोरांना हे वाक्य उठता-बसता ऐकावं लागतं. मंडळी, बऱ्याचदा मॉनिटरचा यात काडीचाही संबंध नसतो. गुन्हेगार असते लाँच स्क्रिप्टमधली एक ओळ.

भानगड अशी आहे. ब्लेंडरमध्ये २०१२ पासून रंगांचा कारभार ओपनकलरआयओ ही लायब्ररी बघते. सुरू होताना ब्लेंडर 'ओसीआयओ' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शोधतं. ते सापडलं, की स्वतःची कॉन्फिग बाजूला ठेवून त्यात सांगितलेली उचलतं. स्टुडिओच्या स्क्रिप्टने ते सेट केलेलं असतं न्यूकसाठी. पण त्याच टर्मिनलमधून ब्लेंडर उघडलं, की त्यालाही ते वारशाने मिळतं. आयकॉनवर डबल-क्लिक केलं तर मिळेलच असं नाही. फाइल तीच, मशीन तेच, रंग वेगळे!

फरक किरकोळ वाटतो? १८ टक्के ग्रे घ्या. ब्लेंडरच्या साध्या 'स्टँडर्ड' व्ह्यूत तो २५५ पैकी ११८ वर बसतो. एसेस १ च्या कॉन्फिगमधून एसआरजीबीत पाहिलात तर ९० च्या आसपास. हे कुठल्याही क्लायंटला दिसतं.

त्यात ४.० पासून (नोव्हेंबर २०२३) नव्या फाइलला 'एजीएक्स' हा व्ह्यू आपोआप लागतो. फाइलमध्ये साठवलेलं असतं फक्त त्याचं नाव. बाहेरच्या कॉन्फिगमध्ये ते नाव नसलं, की ब्लेंडर दुसराच व्ह्यू लावतं, कन्सोलवर एक ओळ पुटपुटतं आणि रेंडर चालू! रात्री दोन वाजता रेंडर फार्मवर ती ओळ वाचणार कोण?

यावर ज्ञानी लोक म्हणतात, "हा बग नाहीच. सगळ्या सॉफ्टवेअरनी एकच कॉन्फिग वापरावी म्हणूनच ते व्हेरिएबल आहे." मान्य. व्हेरिएबलशी माझं भांडण नाहीच; भांडण आहे या गुपचूप कारभाराशी. टेक्स्चर सापडलं नाही तर हेच ब्लेंडर भडक गुलाबी रंग फासून बोंब मारतं ना? मग अख्ख्या सीनचा व्ह्यू हरवल्यावर मूग गिळून का बसतं?

उपाय साधे आहेत. व्हेरिएबल ज्या प्रोग्रामला हवं त्याच्यापुरतंच सेट करा. फार्मवर व्ह्यूचं नाव सापडलं नाही तर रेंडर सरळ थांबवा. थांबलेलं रेंडर सकाळी कळतं. चुकीच्या रंगातलं क्लायंटकडे गेल्यावर कळतं, आणि शिव्या खातो तो रात्रभर जागलेला आर्टिस्ट.

तेव्हा लीडसाहेब, पुढच्या वेळी मॉनिटरवर प्रवचन देण्याआधी त्या पोराच्या टर्मिनलमध्ये ओसीआयओची किंमत छापून बघा. दहा सेकंद लागतात.