पाण्याचा हिशेब वुजूपासून

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंग गावात एक ऐतिहासिक विहीर आहे. सार्वजनिक पाणवठा बंद असलेल्या दलित समाजाने ती स्वतः कष्टाने खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या उद्घाटनाला आले. घागरभर पाण्याची किंमत ती विहीर आजही सांगते. आपण मात्र नळ सोडून वुजू करतो!

प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, वुजू करीत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात.

आता आपल्या घराचा हिशेब मांडा. वाहत्या नळाखाली एका वुजूला ४ लिटर गेले, तर पाच माणसांच्या पाच नमाजांना रोज १०० लिटर लागतात. लोट्यातल्या १ लिटरमध्ये भागवले, तर २५. म्हणजे रोज ७५ लिटरची बचत!

नळाजवळ लोटा ठेवा. मुलांना त्यानेच वुजू शिकवा. खाली टब ठेवून ते पाणी झाडांना घाला. घरात पाणी मुबलक असले, तरी इस्राफ तो इस्राफच. सुरुवात उद्याच्या फजरपासून करू या, इन्शाअल्लाह.