पापण्यांआडचे सूर

दिवेलागणीच्या वेळी आपल्या घरात किती आवाज एकदम चालू असतात, हे कधी मोजले आहे का? मालिकेतील भांडण, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे भोंगे, कुणाचा तरी मोबाइल. तरुण कान त्यांतून हवे ते निवडून घेतात. थकलेल्या कानांना ती निवड जड जाते. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील, तर अनेकदा हाच प्रहर सर्वाधिक अस्वस्थतेचा ठरतो. अशा वेळी साथ देऊ शकेल अशा एका संगीताची ओळख आज करून घेऊ.

अमेरिकेतील ऑस्टिन शहरात ॲडम विल्ट्झी आणि ब्रायन मॅकब्राइड या दोघांनी १९९० च्या दशकारंभी ‘स्टार्स ऑफ द लिड’ या नावाने रचना सुरू केल्या. मिटल्या पापण्यांआड उमटणारे तारे, असा त्या नावाचा आशय. १९९५ मध्ये त्यांचा पहिला संग्रह आला. गिटारचा स्वर विद्युत उपकरणांतून लांबवत न्यायचा, त्यावर दुसरा स्वर चढवायचा, मधूनच कुणाचे तरी ध्वनिमुद्रित बोलणे मिसळायचे, अशी त्यांची रीत होती. त्या नादात खरखर होती, काहीसे गूढ सावटही होते. ठेका मात्र नव्हता.

२००१ आणि २००७ च्या प्रदीर्घ संग्रहांत तंतुवाद्ये व फुंकवाद्ये आली. वाद्ये वाढली, पण गजबज वाढली नाही; उलट नाद निवळत गेला. स्वर हळूच उमलतो, स्थिरावतो आणि विरतो. दोन स्वरांमधील शांततेलाही तेथे जागा मिळते.

वयोमानानुसार प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. खालच्या पट्टीतील दीर्घ स्वर तुलनेने अधिक काळ पोहोचतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानांना हा अखंड नाद परका वाटू नये.

प्रयोग करायचा झाल्यास आधी दूरचित्रवाणी बंद करावी. आरंभीच्या रचना टाळून २००७ च्या संग्रहातील एखादी निवडावी. हेडफोन नकोत, आपले बोलणे सहज ऐकू येईल इतकाच आवाज असावा. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. जवळ बसून चेहऱ्याकडे पाहावे. कपाळावर आठी पडली, हातांची चाळवाचाळव वाढली, तर संगीत तत्काळ थांबवावे. त्यांना स्वतःचा आवडता अभंगच हवा असेल, तर तोच लावावा. श्रवणयंत्र प्रामुख्याने बोलण्यासाठी जुळवलेले असते; त्यातून संगीत विचित्र ऐकू येत असल्यास तज्ज्ञांकडून वेगळी जुळणी करून घ्यावी.

हे औषध नव्हे. गोंधळलेपण अचानक उद्भवले किंवा वाढले, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, रुग्ण झोपल्यावर काही मिनिटे तुम्हीही डोळे मिटून ऐका. मॅकब्राइड २०२३ मध्ये निवर्तले. दोघांच्या २००७ च्या संग्रहाच्या नावाचा अर्थ साधारणपणे ‘आणि त्यांनी ओसरण्याला आणलेली तलमता’ असा होतो. ओसरणे आपल्याला थांबवता येत नाही. त्यातला कोलाहल मात्र कमी करता येतो, आणि तेवढे तर आज संध्याकाळीही आपल्या हाती आहे.